पेट्या कोणी भरल्या, की पेट्यांचं काय झालं?

पत्र

बाई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, वय २३, बी.कॉम. झाले आहे. इथल्याच एका आंबा व्यापाऱ्यांच्या ऑफिसात काम करते. सीझनमध्ये बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल मलाच लिहावे लागतात. गेल्या आठवड्यात बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाच्या दहा पेट्यांपैकी चार पेट्यांतला आंबा खराब निघाला. पेट्या मी गुरुवारी भरल्या होत्या, पण गाडीत चढल्या शनिवारी. मी माफीचा मेल लिहिला, तर ते गिऱ्हाईक आणखीच चिडलं. मालकांचा मुलगा मेल वाचून म्हणाला, “हे सगळं पॅसिव्हमध्ये आहे. पॅसिव्ह कधी लिहायचंच नसतं.” इकडे घरी भाऊ दहावीला आहे आणि त्याला ‘चेंज द व्हॉइस’चा रोज अभ्यास. लिहायचंच नसेल तर शिकवतात कशाला? आम्हाला शाळेत ‘अ‍ॅक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ असं सांगितलं होतं. मी भावाला तेच सांगितलं. तो म्हणाला, “मग ‘मी आंबा खाल्ला’ हे कर्मणी आहे, त्याचं इंग्रजी ‘आय एट द मँगो’ कसं? ते तर अ‍ॅक्टिव्ह आहे.” मला उत्तर देता आलं नाही. माझा मेल खाली लिहिते, सुधारून द्याल का?

‘युवर ऑर्डर वॉज रिसीव्ह्ड बाय अस. टेन बॉक्सेस वॉज पॅक्ड बाय मी. द पार्सल वॉज रीच्ड लेट. फोर बॉक्सेस आर स्पॉइल. सम मिस्टेक्स वेअर मेड.’

– एक वाचक, देवगड

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या भावाचा प्रश्न आधी घेते, कारण तो बरोबर बोलला आहे आणि शाळेत सांगितलेलं समीकरण चुकीचं आहे. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमधून इंग्रजी शिकवलं आणि पहिली काही वर्षं फळ्यावर हेच समीकरण लिहिलं. एकाही मुलाने मला असा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मी लवकर सुधारले असते. त्याला माझ्याकडून शाबासकी दे.

मराठीत ‘प्रयोग’ म्हणजे क्रियापद कोणाच्या मागून चालतं ते. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी करवंदं खाल्ली. खाणारी तू असलीस काय किंवा तुझा भाऊ असला काय, ‘खाल्ला’, ‘खाल्ली’ हे ठरतं खाण्याच्या वस्तूवरून. क्रियापद कर्माच्या मागून गेलं, म्हणून कर्मणी. ‘मी आंबा खातो’, ‘मी आंबा खाते’ यात ते खाणाऱ्याच्या मागून गेलं, म्हणून कर्तरी. आणि ‘तिने मांजराला हाकललं’, ‘तिने मांजरांना हाकललं’ यात ते कोणाच्याच मागून गेलं नाही, आपलं नपुंसकलिंगी एकवचनी ‘हाकललं’ धरून बसलं, म्हणून भावे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण निघालं, १९११ साली केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचं निघालं, आणि कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं अशा व्याकरणांतून आपल्या शाळेच्या पुस्तकांत मुरली. ती मराठीसाठी चोख आहेत. पण इंग्रजीतलं व्हॉइस वेगळाच प्रश्न विचारतं. तिथे विचार असा, की वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर कोण बसलं आहे? काम करणारा बसला असेल तर अ‍ॅक्टिव्ह. ज्याच्यावर ते काम झालं तो बसला असेल तर पॅसिव्ह.

म्हणजे दोन प्रश्न वेगळे, उत्तरं वेगळी. ‘मी आंबा खातो’ हे कर्तरी, ‘मी आंबा खाल्ला’ हे कर्मणी, ‘तिने मांजराला हाकललं’ हे भावे. तिन्हींत करणारा स्वतः पुढे आहे, म्हणून इंग्रजीत तिन्ही अ‍ॅक्टिव्हच होतात. नावं सारखी वाटतात त्याला एक जुनं कारणही आहे. संस्कृतात ‘रामेण आम्रं खादितम्’ म्हणत, रामाकडून आंबा खाल्ला गेला अशी त्याची मूळ ठेवण. तीच ठेवण प्राकृतातून आपल्याकडे उतरली आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ झाली. सांगाडा जुन्या पॅसिव्हचा राहिला, अर्थ मात्र साध्या अ‍ॅक्टिव्हचा झाला. भावाला एवढंच सांग, की ‘ने’ दिसला म्हणून पॅसिव्ह धरायचं नाही. ‘मी’ आणि ‘तू’ला तर तो ‘ने’ही दिसत नाही, त्यामुळे तिथे गोंधळ जास्त होतो.

आता तुझा प्रश्न. पॅसिव्ह हवंच कशाला?

मालवणच्या धक्क्यावर उभी राहा. समोर पाण्यात सिंधुदुर्ग. कोणी पाहुणा विचारतो, हा किल्ला कुठला? तू काय म्हणशील? “हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला. १६६४ साली काम सुरू झालं.” बोलणं किल्ल्याचं चाललं आहे, म्हणून तू किल्ला आधी घेतलास. तेच शिवाजी महाराजांच्या आरमाराबद्दल बोलणं चालू असतं तर म्हणाली असतीस, “शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधला.” शब्द तेच, क्रियापद तेच. तू नुसती जागा बदललीस. मराठीला हे जमतं, कारण ‘महाराजांनी’मधला ‘नी’ कुठेही गेला तरी बांधणारा कोण हे सांगत राहतो.

इंग्रजीला असा प्रत्यय नाही. तिथे करणारा कोण ते जागेवरून कळतं. पहिली खुर्ची करणाऱ्याची, क्रियापदानंतरची ज्याच्यावर काम होतं त्याची. ‘शिवाजी महाराज बिल्ट धिस फोर्ट.’ आता किल्ला उचलून पुढे ठेवला तर ‘धिस फोर्ट बिल्ट शिवाजी महाराज’ होईल, म्हणजे किल्ल्याने महाराजांना बांधलं! किल्ल्याला पहिल्या खुर्चीवर बसवायचं तर क्रियापदालाच सांगावं लागतं, की बाबा, आज खुर्चीवर बसलेला करणारा नाही. ते सांगण्याची खूण म्हणजे ‘वॉज’ आणि तिसरं रूप: ‘धिस फोर्ट वॉज बिल्ट बाय शिवाजी महाराज.’ आपण जे काम शब्द इकडचा तिकडे करून साधतो, त्यासाठी इंग्रजीला पॅसिव्ह लागतं. हे मनात बसलं की ‘चेंज द व्हॉइस’ हा वाक्य उलटं टांगण्याचा खेळ राहत नाही. शाळेत तो खेळ म्हणून शिकवला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मुलं नियम पाठ करतात आणि वाक्य केव्हा बदलायचं हेच त्यांना कोणी सांगत नाही.

एक मोठं उदाहरण देते. रत्नागिरीचा थिबा पॅलेस शाळेच्या सहलीत पाहिला असशील. ब्रह्मदेशाच्या त्या शेवटच्या राजाची गोष्ट इंग्रजीत चार ओळींत लिही म्हटलं तर मी अशी लिहीन: ‘किंग थिबा वॉज रिमूव्ह्ड फ्रॉम हिज थ्रोन इन १८८५. ही वॉज ब्रॉट टू रत्नागिरी इन १८८६. अ पॅलेस वॉज बिल्ट फॉर हिम, बट ही वॉज नेव्हर अलाउड टू गो होम. ही डाइड इन रत्नागिरी इन १९१६.’ सिंहासनावरून काढलं ब्रिटिशांनी, आणलं ब्रिटिशांनी, वाडा बांधला ब्रिटिश सरकारने. पण गोष्ट ब्रिटिशांची नाही, राजाची आहे. प्रत्येक वाक्यात ‘द ब्रिटिश’ पुढे बसवले असते तर राजा मागे ढकलला गेला असता. आणि ज्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं अशा माणसाची गोष्ट आपसूकच पॅसिव्हमध्ये येते. शेवटचं वाक्य मात्र बघ, ‘ही डाइड’. मरण त्याचं त्याला आलं, तिथे पॅसिव्ह होऊच शकत नाही. त्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तुझ्या मेलमधली मोठी चूक त्याच जागी आहे.

मग मराठीतलं कोणतं बोलणं इंग्रजी पॅसिव्हच्या खरोखर जवळ आहे? पुस्तकात ‘पेट्या भरल्या गेल्या’ हे रूप देतात. बरोबर आहे, पण आपण घरी असं फारसं बोलत नाही. रोजच्या कानावरच्या तीन गोष्टी सांगते, त्या जास्त उपयोगी पडतील.

पहिली सरकारी मराठी. ‘मासेमारी बंद ठेवण्यात येत आहे’, ‘सर्वांना कळविण्यात येते की’. हा ‘ण्यात येणे’ म्हणजे इंग्रजी पॅसिव्हचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात बंदरावर लागणाऱ्या सूचनेचं इंग्रजी सरळ होतं: ‘फिशिंग इज बॅन्ड फ्रॉम १ जून टू ३१ जुलै.’ बंदी कोणी घातली हे खलाशाला नव्याने सांगायला नको, त्याला तारखा हव्यात.

दुसरी गोष्ट आपल्या बायकांच्या तोंडची, आणि ती मला सर्वांत आवडते. आमसुलं कशी करतात? “रतांबे फोडतात, बिया काढतात, सालं मिठाच्या रसात बुडवतात, उन्हात वाळवतात, पुन्हा बुडवतात.” फोडतात कोण? कोणीच नाही, सगळेच. कर्ता गायब, क्रियापद ‘तात’वर. याला इंग्रजीत नेताना मुली ‘दे कट द फ्रूट, दे रिमूव्ह द सीड्स’ असं लिहितात, आणि वाचणारा विचारतो, हे ‘दे’ कोण? इथे पॅसिव्ह पाहिजे: ‘द फ्रूट इज कट, द सीड्स आर रिमूव्ह्ड, द रिंड्स आर सोक्ड इन सॉल्टेड ज्यूस अँड ड्राइड इन द सन.’ तुमच्या ऑफिसातून आमसुलं, आगळ, फणसपोळी जात असेल आणि पाकिटावर माहिती लिहायची वेळ आली तर हे लक्षात ठेव. ‘इथे ताजे मासे मिळतात’ या पाटीचंही ‘फ्रेश फिश इज सोल्ड हियर’ होतं, आणि ‘आंग्र्यांच्या काळात विजयदुर्गाला गलबतं बांधत’ याचं ‘शिप्स वेअर बिल्ट अ‍ॅट विजयदुर्ग’. कर्ता नसलेलं ‘तात’ किंवा ‘त’ दिसलं, की पॅसिव्हची आठवण कर.

तिसरी गोष्ट क्रियापदांच्या जोड्यांची. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पिकणं-पिकवणं, सांडणं-सांडवणं. आपल्याकडे ‘काच फुटली’ म्हटलं की झालं; कोणी फोडली ते बोलायचं नसलं तरी वाक्य पुरं होतं. इंग्रजीतही काही क्रियापदं अशी दुहेरी आहेत, ‘द ग्लास ब्रोक’ चालतं. पण ‘पेटीला मार लागला’ यासाठी तसं सोपं क्रियापद हाताशी नाही, तिथे ‘द बॉक्स वॉज डॅमेज्ड’ म्हणावंच लागतं. आणि चोरी झाली तर ‘माय मोबाइल वॉज स्टोलन’. चोर माहीत नसताना ‘समबडी स्टोल’ लिहिण्यात अर्थ नसतो.

आता सांग, ‘पॅसिव्ह कधी लिहायचंच नाही’ हे खरं कसं असेल? हा सल्ला कुठून आला ते मला माहीत आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली एका निबंधात लिहिलं, की अ‍ॅक्टिव्ह वापरता येत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नये. तेव्हापासून लिहायला शिकवणाऱ्या वर्गांत आणि ऑफिसांत ते वाक्य फिरतं आहे. पण त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ऑर्वेलने स्वतः पॅसिव्ह वापरलं आहे. त्याचा राग होता तो लपवालपवीवर, आणि तो राग योग्यच होता. मालकांच्या मुलाला तुझ्या मेलमध्ये काहीतरी खटकलं ते खरं आहे, पण त्याने बोट चुकीच्या जागी ठेवलं. चल, मेलकडे येऊ.

‘टेन बॉक्सेस वॉज पॅक्ड बाय मी.’ इथे दोन गोष्टी. बॉक्सेस अनेक, म्हणून ‘वेअर’. इंग्रजी पॅसिव्हमध्ये तो ‘बी’, म्हणजे ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांचं मूळ क्रियापद, खुर्चीवर बसलेल्याच्या मागून चालतो, जसं आपलं ‘भरली’, ‘भरल्या’ पेट्यांच्या मागून चालतं. आणि ‘बाय मी’ कशाला? तू लिहिताना मनात ‘मी दहा पेट्या भरल्या’ होतं, शाळेतलं ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ आठवलं आणि हे वाक्य तयार झालं. समीकरणाने तुला इथे फसवलं. भरणारी तू आहेस हे सांगायचं असेल तर सरळ ‘आय पॅक्ड’. पेट्यांबद्दल बोलायचं असेल तर ‘बाय’ गाळ. इंग्रजी लिहिणारी माणसं बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ लावतच नाहीत. करणारा महत्त्वाचा आणि नवा असेल तरच तो शेवटी येतो, किल्ल्याच्या वाक्यात महाराज आले तसा. ‘युवर ऑर्डर वॉज रिसीव्ह्ड बाय अस’मधलं ‘बाय अस’ही असंच फुकटचं. ऑर्डर तुम्हाला नाही तर कोणाला मिळणार?

‘द पार्सल वॉज रीच्ड लेट.’ ही ती मोठी चूक, आणि ती तुझी एकटीची नाही. ‘अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’, ‘द बोट इज अराइव्ह्ड’, ‘ही वॉज वेंट’ ही वाक्यं मी वह्यांतून इतक्या वेळा खोडली आहेत, की मुळाशी जायचंच ठरवलं. मूळ मराठीत आहे. आपण म्हणतो, पार्सल पोहोचलं होतं, अपघात झाला होता, बोट आली आहे. ‘होतं’ आणि ‘आहे’ आपल्या जिभेवर असतात, त्यांच्या जागी ‘वॉज’ आणि ‘इज’ येऊन बसतात. पण पोहोचणं, होणं, येणं, जाणं, मरणं, झोपणं ही कामं कोणावर होत नाहीत, करणाऱ्यापाशीच संपतात. आपण यांना अकर्मक म्हणतो. कर्मच नाही तर पहिल्या खुर्चीवर बसवायला कोणी नाही, म्हणून पॅसिव्ह नाही. ‘द पार्सल अराइव्ह्ड लेट’, ‘द अ‍ॅक्सिडेंट हॅपन्ड’, ‘द बोट हॅज अराइव्ह्ड’. उलट एक ठिकाण असं, की जिथे आपण पॅसिव्ह विसरतो: ‘आय बॉर्न इन देवगड’. आपण ‘जन्मले’ म्हणतो म्हणून तसं होतं, पण इंग्रजीत जन्म आईने दिलेला असतो: ‘आय वॉज बॉर्न’. अर्जांमध्ये ही चूक फार दिसते.

‘फोर बॉक्सेस आर स्पॉइल.’ इथे तिसरं रूप राहिलं, ‘स्पॉइल्ड’. पण पेटी खराब झाली नाही, आतला आंबा झाला. ‘द मँगोज इन फोर बॉक्सेस वेअर स्पॉइल्ड’ लिही.

आणि आता ते वाक्य, ज्याने गिऱ्हाईक चिडलं असणार. ‘सम मिस्टेक्स वेअर मेड.’

तू हे मनापासून लिहिलंस हे मला कळतं. आपल्याकडे ‘चूक झाली’ एवढं म्हटलं की माफी मागून होते. ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हटलं तर हात जोडल्यासारखंच. मराठीत त्या ‘झाली’मध्ये नम्रपणा आहे, ‘मी चूक केली’पेक्षा ते ऐकायला मऊ लागतं. इंग्रजीत ते उलट ऐकू येतं. करणाऱ्याचं नाव गाळून ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस अंग काढून घेतो आहे. या वाक्याला राजकारणाचा वासही आहे. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणावर संसदेपुढे बोलताना ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’ असे शब्द वापरले, आणि चुका कोणी केल्या हे त्या शब्दांत कुठेच नव्हतं. इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला हे वाक्य जबाबदारी टाळण्याचा नमुना म्हणून ओळखीचं आहे. तुझ्या बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला तेच ऐकू आलं. त्याला पेट्यांचे पैसे गेल्याचं दुःख होतंच, वर तुम्ही चूक कोणाच्या तरी अंगावर ढकलता आहात असं वाटलं.

म्हणून माफी मागताना पहिल्या खुर्चीवर स्वतः बस. ‘वुई सेंट देम लेट.’ ‘वुई आर सॉरी.’ ऑफिसच्या नावाने लिहीत असशील तर ‘वुई’, चूक एकट्या तुझी असेल तर ‘आय’. इथे गुरुवारी भरलेल्या पेट्या शनिवारी गेल्या, हा दोष ऑफिसचा आहे. तो ‘आय’ लिहून एकटीच्या अंगावर घेऊ नकोस. आणि दुसऱ्याची चूक दाखवायची वेळ येईल तेव्हा मात्र पॅसिव्हची मदत घे. ‘यू डिड नॉट पे द बिल’ हे तोंडावर मारल्यासारखं लागतं, ‘द बिल हॅज नॉट बीन पेड’ म्हटलं की काम तेच होतं आणि माणूस दुखावत नाही.

भावाच्या परीक्षेचं थोडक्यात. वाक्यात कर्म आहे का हे त्याने आधी बघावं. नसेल तर तिथेच थांबावं. मग मूळ वाक्याचा जो काळ, त्याच काळात ‘बी’ घालावं आणि मागून तिसरं रूप. ‘दे पॅक’चं ‘आर पॅक्ड’, ‘दे आर पॅकिंग’चं ‘आर बीइंग पॅक्ड’, ‘दे पॅक्ड’चं ‘वेअर पॅक्ड’, ‘दे हॅव पॅक्ड’चं ‘हॅव बीन पॅक्ड’, ‘दे विल पॅक’चं ‘विल बी पॅक्ड’. मुलं चुकतात ती ‘बीइंग’ आणि ‘बीन’ या दोन ठिकाणी. ‘पेट्या भरणं चालू आहे’ असेल तर ‘बीइंग’, ‘पेट्या भरून झाल्या आहेत’ असेल तर ‘बीन’. मराठीत मनात म्हणून बघायला सांग, चुकणार नाही. ‘हॅव बीन पॅकिंग’ अशा रूपांचं सहसा पॅसिव्ह करत नाहीत, त्यात वेळ घालवू नये. ‘आय हॅव अ बोट’मधल्या ‘हॅव’चंही होत नाही, बाळगणं हे काम नव्हे.

‘गिव्ह’सारख्या क्रियापदाला दोन कर्मं असतात, तिथे दोन उत्तरं बरोबर. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते ‘हापूस वॉज गिव्हन द जीआय टॅग’ असं किंवा ‘द जीआय टॅग वॉज गिव्हन टू हापूस’ असं, दोन्ही लिहिता येतं; बोलणं आंब्याचं असेल तर पहिलं चांगलं. ‘दे मेड मी वेट’ याचं पॅसिव्ह करताना एक ‘टू’ जास्तीचा येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. यावर हमखास गुण जातात. ‘हू’ने सुरू होणारा प्रश्न आला तर ‘बाय हूम’ने सुरुवात करायची: ‘हू पिक्ड दीज मँगोज?’चं ‘बाय हूम वेअर दीज मँगोज पिक्ड?’ बोलताना असं कोणी म्हणत नाही, पण उत्तरपत्रिकेत तेच अपेक्षित असतं. आणि ‘बाय’ सगळीकडे नाही. आंबा झेल्याने काढला तर झेला हे साधन आहे, त्याला ‘विथ’. काढणारा गडी असेल तर ‘बाय’.

त्याला एक अभ्यास दे. रोज संध्याकाळी पाच मिनिटं, तुझ्या ऑफिसात दिवसभरात काय झालं ते तू मराठीत सांग आणि त्याने प्रत्येक वाक्याला एवढंच विचारावं, ‘हे कोणाबद्दल आहे?’ गड्याबद्दल असेल तर गडी पुढे, पेटीबद्दल असेल तर पेटी पुढे. इंग्रजी त्यानंतर. महिनाभर असं केलं तर पुस्तकातली वाक्यं त्याला सोपी जातील, आणि तुझे मेलही.

आता तुझा मेल. मी तो असा लिहिला असता:

‘वुई आर सॉरी. द मँगोज इन फोर ऑफ युवर टेन बॉक्सेस वेअर स्पॉइल्ड व्हेन दे रीच्ड यू. द बॉक्सेस वेअर पॅक्ड ऑन थर्सडे, बट वुई डिड नॉट सेंड देम अंटिल सॅटर्डे. दॅट वॉज अवर मिस्टेक. वुई विल सेंड यू फोर फ्रेश बॉक्सेस ऑन मंडे, अँड यू विल नॉट बी चार्ज्ड फॉर देम.’

बघ, तीन ठिकाणी पॅसिव्ह ठेवलं आहे. ‘वेअर स्पॉइल्ड’ आणि ‘वेअर पॅक्ड’मध्ये बोलणं आंब्याचं आणि पेट्यांचं आहे, भरणारे हात कोणाचे हे गिऱ्हाइकाला नको आहे. ‘यू विल नॉट बी चार्ज्ड’मध्ये गिऱ्हाईक स्वतः पहिल्या खुर्चीवर आहे, त्याला हवं तेच पुढे आलं. पण उशीर, चूक आणि नव्या पेट्या या तिन्ही ठिकाणी ‘वुई’ आणि ‘अवर’ आहे, तिथून हलायचं नाही. मालकांच्या मुलाला हेच दाखव, त्याला पटेल.

सोमवारी पेट्या जाणार असतील तरच सोमवार लिही, आधी मालकांना विचार. पैसे घेणार नाही हेही त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहू नकोस. आणि मेलच्या विषयात ऑर्डरचा नंबर घाल, म्हणजे त्याला जुना मेल शोधावा लागणार नाही.